आधी लाल पेन, मग तिकीट

सांगलीतून मास्टर्सला जर्मनीला निघालेल्यांनो, बॅगेत भडंगाचे पुडे मोजून भरता, तसे क्रेडिटचे तासही मोजा. तिथे एका ईसीटीएस (युरोपात अभ्यासाचा भार मोजायची पद्धत) क्रेडिटमागे साधारण 30 तासांचं काम धरतात. म्हणजे 5 क्रेडिटचा विषय 150 तास खातो, आणि त्यात लेक्चर कमी, खोलीत बसून डोकं फोडणं जास्त.

सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षा आणि लॅब रिपोर्टच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने मांडा. उरलेल्या जागेत फिरणं बसवा. मी उलटं केलं होतं. प्राग बघून रविवारी मध्यरात्री परतलो, सोमवारी सकाळी कंट्रोल सिस्टिमचा रिपोर्ट. चार्ल्स पुलावरचे फोटो झकास आले. रिपोर्ट परत आला.

लांबच्या सहली परीक्षेनंतरच्या सुट्टीत. एरवी शनिवारी सकाळी जाऊन रात्री परतता येईल असं गाव धरा. डॉइचलँडटिकीटवर, म्हणजे देशभर चालणाऱ्या महिन्याच्या पासवर, रिजनल गाड्या, ट्राम, बस सगळं चालतं, लांब पल्ल्याची वेगवान आयसीई मात्र नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे किराणा शुक्रवारीच उरका आणि रविवार अभ्यासाला ठेवा. दुसऱ्या शेंगेन देशात (आपसात सहसा सीमा तपासणी नसलेले युरोपीय देश) जाताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट, दोन्ही खिशात हवं.

घरी फोन जातानाच्या गाडीतून करा. हिवाळ्यात सांगली साडेचार तास पुढे असते. परतीच्या गाडीत बसेपर्यंत आई झोपलेली असते.