विंधणं घेताना काय बघायचं

चौकट असो, देवघर असो की साधा चौरंग, हाताने जोडायचं म्हटलं की कुसू, म्हणजे एका लाकडाचं दुसऱ्यात बसणारं टोक, आणि त्याची खाच आलीच. साध्या पटाशीने ती निघत नाही असं नाही, पण तिचं पातं पातळ, खोलात घालून उचकटलं की वाकतं नाहीतर धारेचा टवका उडतो. म्हणून खाच पाडायची जाड पात्याची पटाशी, म्हणजे विंधणं, वेगळं घ्यायचं.

आधी जाडी बघा. चांगल्या विंधण्याचं पातं रुंदीपेक्षा जाड असतं, कारण त्याला ठोके पण खायचे असतात आणि आतला भुगा उचकटून बाहेर पण काढायचा असतो. मग बाजू. पाठीकडे, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूला, पूर्ण रुंदी आणि तिच्या समोरच्या अंगाला केसभर निमुळतं असेल तर उत्तम, खोल खाचेत अडकत नाही. पाठीच्या दोन्ही कडा मात्र सरळ नि तीक्ष्ण हव्यात, त्या गोल झालेल्या असतील तर विंधणं आत फिरतं आणि खाच तिरकी जाते.

पाठ सपाट आहे का ते पट्टी लावून उजेडात धरून बघाच. जुन्या बाजारात शेफिल्डची जुनी विंधणी मिळाली तर सोडू नका, बाजूला गंज असला तर चालतो, पण पाठीवर धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर ते घासून काढण्यात पातंच संपेल, ते परत ठेवा. पोलादाला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून विझवून नीट कडक केलंय का, ते कळायला धारेजवळ बाजूने हळूच कानस फिरवा, जेमतेम खरवडली तर ठीक, सहज चावली तर माल मऊ आहे. गावचा लोहार ट्रकच्या कमानपाट्याचं पण करून देतो, पाणी द्यायचा हात चांगला असेल तर मी दुकानातल्या चकचकीत सेटपेक्षा तेच घेईन.

मूठ लंबगोल हवी, न बघता हाताला कळतं पातं सरळ आहे की नाही. मूठ आणि पातं एका रेषेत हवं, आणि मूठ बसते तिथे पात्याला रुंद खांदा हवा, नाहीतर ठोक्यांनी मूठ फाटते.

सेट घेऊ नकाच, खरंच सांगतो. खाच लाकडाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची, म्हणजे दीड इंची चौकटीला चार सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), सव्वा इंचाच्या आत तीन सूत. आपलं नेहमीचं काम कुठलं त्या मापाचं एकच घ्या.

धार 25 अंशांची लावून टोकाला फक्त 30 ची बारीक दुसरी धार द्या, फणसाच्या लाकडाला पुरते. किंजळ, ऐन असं कठीण लाकूड असेल तर 35 करा, नाहीतर सारखी धार लावत बसाल.

आणि आपल्याकडे खारा वारा, वर चार महिने पाऊस, त्यामुळे काम झालं की पुसून खोबरेलाचा हात फिरवायचा, आणि पावसात कातडी म्यानात ठेवायचं नाही, कातडं ओल धरून ठेवतं.