जुना डेस्कटॉप चालू होईना? विंडोज मारण्याआधी हे तपासा

दहा-पंधरा वर्षांचा असेंबल केलेला डेस्कटॉप अडला की पहिला सल्ला येतो, "फॉरमॅट मारून टाक." पण पडद्यावर काहीच उमटत नसेल तर मशीन विंडोजपर्यंत पोहोचलेलंच नसतं, फॉरमॅट मारून करणार काय? आधी पाहायचं ते एवढंच, की ते नेमकं कुठे अडतंय. बटण दाबून काहीच हलत नाही? पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही? मदरबोर्डाचा लोगो येऊन थांबतं? की विंडोजचा लोगो येऊन पुन्हा रिस्टार्ट होतं? चारही ठिकाणची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. इथली माहिती मुख्यतः इंटेलच्या जी३१, जी४१ आणि एच६१ चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपच्या) बोर्डांना धरून आहे.

हाताशी स्टार स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, कोरडा ब्रश, पांढरा खोडरबर आणि नवा सीआर२०३२ सेल ठेवा. भिंतीवरून वायर काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डात उरलेला करंट निघून जातो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

आधी सेल

सुरुवात सेलपासून, कारण तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवणारा. मदरबोर्डवरचा हा गोल सेल उतरला की बायोसच्या, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामच्या, सेटिंग पुसल्या जातात. खुणा ठरलेल्या असतात : तारीख मागे जाते, 'सीमॉस चेकसम एरर' दिसतं, दर वेळी एफ१ दाबावं लागतं. तारीख चुकली की ब्राउझरमध्ये सुरक्षित साइट उघडत नाहीत, आणि लोक दोष इंटरनेटला देतात.

सेल काढून मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. अधिक चिन्हाची बाजू वर येते.

पण सेल बदलून काम संपत नाही, आणि इथेच बरेच जण गोत्यात येतात. बायोस डिफॉल्टवर गेला की साटा मोडही (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते : एएचसीआय किंवा आयडीई) डिफॉल्टवर जातो. विंडोज एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं असेल आणि आता मोड आयडीई झाला असेल, तर विंडोजचा लोगो येतो, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. निळ्या पडद्यावर कोडच्या शेवटी ७बी दिसलं तर बायोसमध्ये जाऊन साटा मोड उलटा करून पाहा. मोड जुळला की मशीन काही घडलंच नाही असं सुरू होतं. पडदा वाचायला वेळ मिळत नसेल तर विंडोज ७ मध्ये चालू होताना एफ८ दाबून आपोआप रिस्टार्ट होणं बंद करता येतं. एक लक्षात असू द्या, जी३१-जी४१ च्या बहुतेक बोर्डांत एएचसीआय नसतंच, त्यामुळे हा घोळ जास्त करून एच६१ आणि पुढच्या बोर्डांवर होतो.

त्याच फेरीत बूटचा क्रमही पाहून घ्या. 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' असा संदेश आला तर आधी यूएसबीत विसरलेला पेनड्राइव्ह काढा. मग बायोसच्या यादीत हार्डडिस्कचं नाव दिसतं का ते बघा. नाव दिसत असेल तर क्रमात ती वर आणा. नाव नसेल तर साटाची डेटा केबल आणि डिस्कची पॉवर पिन.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

पहिला संशय रॅमवर. मुंबई-कोकणात पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. रॅम काढून त्या सोनेरी भागावर दोन्ही बाजूंनी खोडरबर हलकेच फिरवा, चुरा ब्रशने झटका, स्लॉटही झटका. परत लावताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप बसल्या पाहिजेत. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून प्रत्येक स्लॉट तपासा.

बोर्डाला चार पिनांचा छोटा स्पीकर जोडलेला असेल तर काम निम्म्याने सोपं होतं. सगळी रॅम काढून मशीन चालू करा. लांब बीप वाजत राहिले तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, दोष रॅमचा किंवा स्लॉटचा. स्पीकर असून एकही बीप नाही, तर गोष्ट पॉवर सप्लाय किंवा बोर्डाकडे जाते. अवॉर्ड बायोसवर एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते काढून बोर्डाच्या स्वतःच्या डिस्प्ले पोर्टवर मॉनिटर लावून पाहा.

रॅम बदलून घेताना जी४१ वाल्यांनी सावध राहावं. एकाच बाजूला आठ चिपा असलेली ४ जीबीची डीडीआर३ पट्टी या चिपसेटवर चालत नाही. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेलीच मागा, नाहीतर नवी पट्टीही 'खराब' निघेल.

बटण दाबून काहीच नाही

एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा. तो उघडू नका, आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग) वायर काढल्यावरही काही काळ चार्ज धरून असतात. चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढा, बाकीही जोडण्या सोडवा, फक्त एखादी निकामी डिस्क किंवा कॅबिनेटचा पंखा लोड म्हणून राहू द्या. हिरवी वायर आणि शेजारची काळी एका तारेने जोडून मग वीज चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर तो गेला. फिरला तरी काळ्या वायरच्या तुलनेत मोजा : पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. जांभळ्या वायरवर तर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट हवेतच. ते नसतील तर बटण कितीही दाबा.

हे आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. जुना सप्लाय रिकामा ठीक दिसतो आणि लोड आला की बसतो. कनेक्टर बोर्डात लावून, मशीन चालू करतानाच मागच्या बाजूने पुन्हा मोजा.

पंखा एक सेकंद फिरून थांबत असेल तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर नीट बसलाय का ते पाहा. तिथेच शेजारचे कपॅसिटरही न्याहाळा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी द्रव आलेला असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा कपॅसिटर बदलून घ्यावा लागतो. आणि दोन-तीन मिनिटं चालून बंद पडणाऱ्या मशीनमध्ये कूलरच्या चार प्लॅस्टिक पिनांपैकी एखादी सुटलेली सापडते. ती पक्की करा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

डिस्क

विंडोजच्या लोगोवर पंधरा-वीस मिनिटं गोल फिरत राहणं किंवा डिस्कमधून टकटक आवाज येणं, दोन्ही वाईट. अशा वेळी चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ते आणखी दमवतं. टकटक असेल आणि डेटा मोलाचा असेल तर मशीन बंदच ठेवून डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. टकटक नसेल तर आधी फाइली काढा : पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन त्यावरून मशीन सुरू करायचं आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं. जी३१-जी४१ ला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसतं, म्हणून पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या रुफस प्रोग्राममध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर निवडा.

मग डिस्क दुसऱ्या मशीनला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, सी७ म्हणजे केबलमधल्या चुका. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क ठीक आहे, साटा केबल बदला. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकण्यात अर्थ नाही, आणि तिचा क्लोनही (हुबेहूब नक्कल) अर्ध्यात अडकण्याची शक्यता मोठी. नव्या एसएसडीवर सरळ ताजं विंडोज टाका. जी४१ वर साटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, तरी जुन्या डिस्कच्या तुलनेत फरक पहिल्याच बूटला दिसतो.