व्हिमेंटिन: युरिया काढताना घाई करू नका

मानवी व्हिमेंटिनची (पेशीच्या सांगाड्याचे तंतू बनवणारं प्रथिन) कुपी हातात आली की नवीन मुलं हमखास विचारतात, "ताई, पीबीएसमध्ये घालू ना?" पीबीएसमध्ये, म्हणजे मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये? अजिबात नाही. मी स्वतः घातलं होतं, लॅबमधल्या पहिल्याच वर्षी. ८ मोलर युरियातलं ३०० मायक्रोलिटर प्रथिन थेट पीबीएसमध्ये सोडलं आणि डोळ्यांदेखत फुटलेल्या दुधासारखं झालं. तीन आठवड्यांची मेहनत ट्यूबच्या तळाशी.

असं का होतं? हे प्रथिन ई. कोलाय हा जिवाणू बनवतो भरपूर, पण न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात, म्हणून ते ८ मोलर युरियात उलगडूनच काढावं लागतं. युरिया हळूहळू कमी केला की चार-चार रेणूंच्या जुड्या बांधल्या जातात आणि मीठ नसेल तर तिथेच थांबतात. मीठ मिळालं की या जुड्यांपासून तंतू होतो. आपण युरिया एकदम काढतो आणि त्याच क्षणी मीठही देतो, तेव्हा जुडी नीट बांधली जायच्या आतच सगळं एकमेकांना चिकटतं. अ‍ॅक्टिनवर (पेशीतलं दुसरं तंतू बनवणारं प्रथिन) हात बसलेल्यांना सांगते, इथे एटीपी (ऊर्जा देणारा रेणू) लागत नाही. सगळा खेळ मिठाचा.

आधी युरिया. लिटरभर ८ मोलरला ४८०.५ ग्रॅम लागतो. विरघळताना बाटली बर्फासारखी गार पडते, म्हणून मुलं ती हॉटप्लेटवर ठेवतात. तसं करू नका. तापलेल्या युरियात सायनेट तयार होतं आणि ते प्रथिनाच्या लायसिनला कायमचं चिकटतं. कोमट पाण्याचं भांडं पुरे, ३७ अंशांच्या वर नाही. द्रावण त्याच दिवशी करा, कोल्ड रूममध्ये ठेवू नका, तिथे खडे धरतात. आणि प्रोटोकॉलमध्ये 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं ते पुण्यातल्या मे महिन्याचं नव्हे! एसी बंद असेल तर आधी तो सुरू करून घ्या.

आता डायलिसिस, म्हणजे प्रथिन बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती बफरमध्ये ठेवायची, युरिया बाहेर निघून जातो. बफर साधा आहे: ५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.४, १ मिलिमोलर ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं) आणि १ मिलिमोलर डीटीटी (सिस्टीनं एकमेकांना जोडू न देणारं). डीटीटी आयत्या वेळी घाला. व्हिमेंटिनमध्ये सिस्टीन एकच आहे (३२८ क्रमांकाचं), पण दोन रेणूंची सिस्टीनं जोडली गेली की तंतू बिघडतात. याच बफरमध्ये ६, ४, २, १ मोलर युरिया अशी उतरंड करा आणि शेवटी युरियाशिवाय. प्रत्येक पायरीला अर्धा तास, शेवटची रात्रभर ४ अंशांवर, ताज्या बफरमध्ये.

पिशवी गच्च भरू नका. आत युरिया जास्त असल्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि पिशवी टम्म फुगते. क्लिप लावताना तिसरा हिस्सा रिकामा सोडा. क्लिपही एकदा दाबून बघा. माझी एक पिशवी रात्रीत उघडली होती आणि सकाळी बीकरभर बफर तेवढा उरला होता.

सकाळी द्रावण पाण्यासारखं नितळ हवं. गढूळ असेल तर पुढे जाऊ नका. प्रथिनाचं मोजमाप ब्रॅडफर्डने (रंगावरून प्रथिन मोजणारी चाचणी) करा. २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणावर भरवसा ठेवू नका. व्हिमेंटिनमध्ये ट्रिप्टोफॅन एकच, शिवाय जुनं डीटीटीही तिथेच प्रकाश शोषतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ५५ किलोडाल्टनच्या आसपास एक पट्टी दिसावी. तिच्याखाली जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या असतील तर प्रथिन कुरतडलं गेलंय.

तंतूंसाठी प्रथिन ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा. २५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५ आणि १६० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असं होईल इतका घट्ट बफर घाला, ३७ अंशांवर ठेवा. काही सेकंदांतच आठेक जुड्या शेजारी येऊन सुमारे ६० नॅनोमीटरचा तुकडा होतो, मग तुकड्याला तुकडा टोकाशी जोडला जातो. मॅग्नेशियम घालू नका, तंतूंच्या गाठी होतात. तयार तंतू बारीक टिपमधून ओढू नका, टिपचं टोक कापून घ्या.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ मिळत नसेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० जी वर अर्धा तास फिरवा. मिठाची ट्यूब आणि बिनमिठाची ट्यूब, दोन्ही. मिठाच्या ट्यूबमध्ये प्रथिन तळाशी आणि बिनमिठाच्या ट्यूबमध्ये वर दिसलं पाहिजे. दोन्हीकडे तळाशीच असेल तर दोष मिठाचा नाही, डायलिसिसचा आहे. बिनमिठाची ट्यूब वाचवायला जाऊ नका, तिच्याशिवाय हे कळतच नाही.

एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला) हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनची शेपटी) असलेली कुपी तंतूंसाठी मी घेत नाही. तंतू बांधायला तेच टोक लागतं. अँटिबॉडी तपासायला, ब्लॉटला मात्र खुशाल वापरा.

उरलेलं प्रथिन ८ मोलर युरियातच, लहान भागांत, उणे ८० ला. डायलिसिस झालेलं एक-दोन दिवसांत संपवा.