माल पाठवण्याच्या घाईत ज्ञान कसे वाढते: वाळूजच्या कारखान्यातील अनुभव

नांदेडला यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून मी संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून रुजू झालो, तेव्हा कंपनीत तांत्रिक ज्ञान आपोआप मिळते अशी माझी समजूत होती. यंत्रे आहेत, जुनी जाणती माणसे आहेत आणि रोज नवी अडचण समोर येते, मग शिकायला आणखी काय हवे, असे वाटे. पुढे कळले की हे सारे असूनही एखाद्या विभागाचे ज्ञान दहा वर्षे जिथल्या तिथे राहू शकते, कारण माणूस काय शिकणार हे त्याला शाबासकी कशाबद्दल मिळते यावर ठरते. मराठवाड्यातून दरवर्षी पदविका आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी नोकरी धरताना ही एक गोष्ट नीट पारखावी, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. अशा कारखान्यात ड्रॉइंग ग्राहकाकडून येते, धातूचा प्रकार आणि मापाची सूट, म्हणजे मापात किती फरक चालेल हे, तोच ठरवतो, आणि आपण वेळेवर माल द्यायचा असतो. या व्यवस्थेने हजारो घरांना रोजगार दिला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पण विचार करण्याचे काम दुसरीकडे होते आणि आपल्याकडे फक्त उत्पादन होते, अशी एक सवयही तिच्याबरोबर येऊ शकते. माझ्या पहिल्या कंपनीत ती पुरती मुरलेली होती. सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘काल किती माल गेला?’ हा असे आणि दुसरा प्रश्न बहुधा येतच नसे.

त्या काळातला एक बिघाड सविस्तर सांगतो. ॲल्युमिनियमच्या एका भागात ६० मिलिमीटर व्यासाचा बोअर, म्हणजे आरपार गोल छिद्र, होता आणि त्याला एच-७ सूट होती, म्हणजे माप ६० मिलिमीटरच्या वर फार तर ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाऊ शकत होते, खाली मात्र अजिबात नाही. एप्रिल-मे महिन्यांत ग्राहकाकडून बोअर लहान असल्याची तक्रार येऊ लागली. आमच्या नोंदींत प्रत्येक पीस मापात होता. उपाय ठरलेला होता: चार मुले ग्राहकाच्या कारखान्यात पाठवायची, रात्रभर पीस निवडून घ्यायचे आणि सकाळी त्या मुलांचे बैठकीत कौतुक करायचे. मीही दोन वेळा तसा गेलो आणि कौतुकाने सुखावलो. कारण मात्र कोणी शोधले नाही, कारण लाईन थांबवून विचार करत बसलेला माणूस आमच्याकडे रिकामा समजला जाई.

कारणाचा धागा यंत्रांची जुळणी करणाऱ्या आमच्या सेटर मामांनी दिला. ते म्हणाले, ‘‘साहेब, सकाळचा पीस आन् दुपारचा पीस येक नसतो. दुपारी हात लावून बघा.’’ दुपारी शेडमधला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे गेलेला असे आणि यंत्रातून निघालेला पीस हाताला चांगलाच गरम लागे. तो तसाच मापला जाई. लांबीच्या मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, हे आम्ही सगळ्यांनी पुस्तकात वाचलेले होते. ॲल्युमिनियम एका मीटरला, एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे ६० मिलिमीटरच्या बोअरला अंशागणिक सुमारे १.४ मायक्रॉन, आणि २० अंशांच्या फरकाला जवळजवळ २८ मायक्रॉन. आमची सगळी सूटच ३० मायक्रॉनची होती! मापाचे गेज शून्यावर लावायची प्रमाण कडी, म्हणजे मास्टर रिंग, पोलादाची होती. ती पिसाइतकीच तापली असती तरी पोलाद ॲल्युमिनियमच्या निम्मेच वाढत असल्याने सुमारे १४ मायक्रॉनची चूक उरलीच असती. गरम पीस मोठा दिसे, ऑपरेटर ऑफसेट देऊन, म्हणजे यंत्रात हत्याराचे माप बदलून, बोअर लहान करी, आणि ग्राहकाच्या वातानुकूलित मापन कक्षात तोच पीस थंड होऊन सुटीच्या खाली जाई.

त्यात दुसरी चूक मिसळलेली होती. प्रत्येक पिसाच्या मापानुसार पुढच्या पिसाला ऑफसेट देण्याची पद्धत दक्षतेची वाटते. प्रत्यक्षात प्रक्रिया स्थिर असताना प्रत्येक विचलनाची अशी पूर्ण भरपाई केली, तर मापांतील प्रचरण (मापे किती विखुरली आहेत याचे गणिती माप) दुप्पट होते आणि त्याचे वर्गमूळ असलेले प्रमाण विचलन सुमारे १.४ पट होते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली ती नेमकी हेच ओळखण्यासाठी, की कोणत्या फरकामागे विशेष कारण आहे आणि कोणता फरक प्रक्रियेचा नेहमीचाच आहे. आमच्या भिंतीवर ते आलेख लावलेले होते. पाळी संपताना सगळे बिंदू एकाच पेनाने, एकाच वेळी भरले जात.

आलेख असे का भरले जात होते, हे समजायला मला वेळ लागला. त्याआधी कंपनीने पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले होते. हजेरीपट पूर्ण होते, प्रमाणपत्रेही वाटली होती. पण खरा बिंदू मर्यादेबाहेर गेला की ऑपरेटरला सगळ्यांसमोर बोल लागे, म्हणून बिंदू मर्यादेतच ठेवणे शहाणपणाचे ठरले होते. गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या व्यवस्थापनाच्या चौदा मुद्द्यांपैकी आठवा मुद्दा कामाच्या जागेवरची भीती घालवण्याचा आहे. तो मला पूर्वी सद्भावनेचा उपदेश वाटे. आता मी त्याला मापनाची पूर्वअट मानतो, कारण जिथे भीती असते तिथे आकडा खरा नसतो, आणि खोट्या आकड्यावर कोणीही काही शिकू शकत नाही.

पुढे नवे कारखानाप्रमुख आले आणि त्यांनी सुरुवातीला फारच थोडे बदलले. बैठकीतला पहिला प्रश्न ‘कालच्या बिघाडाचे कारण काय, आणि ते कशावरून कळले?’ असा झाला. ‘कशावरून’ या शब्दाने सगळे अडखळले; कित्येक दिवस बैठकीत शांतता असे, आणि ती शांतता त्यांनी रागावून मोडली नाही. दर गुरुवारी दुपारी दोन तास उत्पादन विभागाने अभियंत्यांना हाक मारायची नाही, असे ठरले. नाकारलेले पीस भंगारात टाकण्याआधी प्रत्येक प्रकारचा एक पीस कारणाच्या चिठ्ठीसह एका फळीवर ठेवू लागलो. गुरुवारच्या दोन तासांना सर्वाधिक विरोध झाला, आणि महिनाअखेरीस ते तास दोनदा बुडालेही.

सर्वांत अवघड बदल बढतीचा होता. आमच्याकडे चांगल्या अभियंत्याला वर जायचे तर माणसे सांभाळणारा व्यवस्थापकच व्हावे लागे. त्यामुळे पीस घट्ट धरणाऱ्या फिक्स्चरमधले बारकावे जाणणारा माणूस पाच वर्षांनी रजेचे अर्ज मंजूर करत बसलेला दिसे. व्यवस्थापकाच्या बरोबरीचा पगार असलेली तांत्रिक श्रेणी सुरू करायला बराच काळ लागला. ‘शिकवलेली माणसे शेवटी पुण्याला, चाकणला जातात,’ हा आक्षेप तेव्हा वारंवार ऐकू आला. माणसे जातात, हे खरे आहे. परंतु माझ्याबरोबरचे जे गेले, त्यांतल्या बहुतेकांनी पगाराइतकेच ‘इथे पुढे शिकण्यासारखे काही उरले नाही’ हेही कारण मला सांगितले होते.

नव्याने येणाऱ्यांनी पहिल्या वर्षात एकच प्रक्रिया धरावी आणि ती मुळापासून समजून घ्यावी. सगळ्या विभागांत थोडे थोडे फिरून आत्मविश्वास येतो, समज येत नाही. सेटरजवळ बसावे, त्यांना मान द्यावा, आणि त्यांनी सांगितलेली गोष्ट आकड्यांनी तपासून ती त्यांच्याच नावाने बैठकीत मांडावी. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत हाताने काम शिकण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. इंग्रजीच्या संकोचाने गप्प राहणारी आपल्याकडची कितीतरी हुशार मुले मी पाहिली आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. बिघाडाचे कारण आधी मराठीत, पूर्ण वाक्यांत वहीत लिहून काढा. अहवालाचे इंग्रजी नंतर जमते.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही एक प्रश्न विचारा: ‘मागच्या वर्षातला सर्वांत अवघड बिघाड कोणता होता आणि तो कसा सुटला?’ समोरचा माणूस पीस, माप, कारण असे बोलू लागला तर तिथे शिकायला मिळेल. तो फक्त रात्रभर जागलेल्या माणसांविषयी सांगू लागला, तर आणखी एक-दोन ठिकाणी चौकशी करा.

आता आमच्या विभागात मापाच्या तक्त्यात पिसाच्या तापमानाचा रकाना आहे. नव्या प्रशिक्षणार्थ्याला पहिल्याच आठवड्यात फळीवरचा एक पीस त्यावरची कारणाची चिठ्ठी काढून हातात दिला जातो आणि दोन आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, त्याने त्याचे कारण सर्वांसमोर मराठीत सांगायचे असते. पहिला प्रश्न विचारण्याचा मान सेटर मामांचा असतो.