रानफुलांचा पट्टा करताय? आधी तण मोडा, मग बी आणा

बांधालगत किंवा बागेच्या कडेला रानफुले लावायची असतील, तर बी घेण्याआधी त्या जागेत आज काय उगवते आहे ते पाहा. रानफुलांची रोपे सुरुवातीला सावकाश वाढतात. मातीत पडून असलेले तणाचे बी मात्र पहिल्या ओलीला उसळून येते आणि त्यांना झाकून टाकते. माझा पहिला पट्टा असाच गेला, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो.

जागा दिवसाकाठी निदान सहा तास ऊन मिळणारी, पाणी न साचणारी हवी. उगवण रोखणारे तणनाशक नुकतेच मारलेली जागा घेऊ नका.

खरी मेहनत हरळी आणि लव्हाळा या चिवट तणांची. लव्हाळा उपटला की पाने हातात येतात, गाठ मातीतच राहते. खोल खणा, दोऱ्यात ओवल्यासारख्या गाठी एकीमागून एक निघतील, त्या सगळ्या वेचा. हरळी असलेल्या जागेत रोटाव्हेटर फिरवू नका. तिच्या काशांचे, म्हणजे जमिनीत पसरणाऱ्या खोडांचे, तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो.

मग कडक उन्हाच्या दिवसांत जमीन सपाट करून चांगली भिजवा आणि पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असे अंथरा. कडा मातीत गाडा, नाहीतर वाफ निसटते. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले की काम बरोबर चालले आहे. चार ते सहा आठवडे प्लास्टिक तसेच राहू द्या. वरच्या थरातले बरेचसे तणाचे बी या उष्णतेने मरते; लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र वाचतात, म्हणून आधीची वेचणी टाळू नका.

ऊन तेवढे नसेल तर पाणी देऊन तण उगवू द्या, दोन-चार पानांवर आले की वरवर खुरपा, आणि हे दोन-तीनदा करा.

यानंतर खोल मशागत करू नका, खालचे बी वर येते. शेणखत-युरियाही नको, कसदार मातीत गवतच माजते.

वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की दाताळ्याने वरची बोटभर माती मोकळी करा. एक भाग बियाण्यात चार-पाच भाग कोरडी वाळू मिसळा, निम्मे उभे आणि निम्मे आडवे फेका. बारीक बी मातीने झाकू नका, फळी ठेवून तिच्यावरून चाला. उगवण होईपर्यंत झारीने हलके पाणी द्या. पहिल्या हंगामात तण वर आले तर उपटू नका, रोपे हलतात. वीतभर उंचीवर कापा.