‘मिडीयम करा’ म्हणजे नक्की किती? सलूनमध्ये हवी तशी कटिंग सांगण्याची रीत

लहानपणी खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकून आपल्याला तिच्यावर बसवत. बाबा मागच्या बाकड्यावर पेपर उघडून बसत आणि पेपरातून मान वर न काढताच सांगत, “बारीक करा, शाळा आहे.” विषय संपला. पुढे उंची वाढली, फळी गेली, पण स्वतःच्या केसांबद्दल बोलायचं कसं हे काही कुणी शिकवलं नाही. त्यामुळे कारागीर गळ्याभोवती कापड बांधत “कसे कापू?” विचारतो, तेव्हा भलेभले “मिडीयम करा” म्हणतात आणि डोळे मिटतात.

आता मिडीयम म्हणजे किती, हे त्यालाही आपल्याइतकंच माहीत असतं. आधीच्या गिऱ्हाइकाचं मिडीयम वेगळं होतं, पुढच्याचं आणखी वेगळं असणार. मग तो अंदाजाने कापतो. नव्या दुकानात जाऊन “नेहमीसारखे” म्हणणारेही मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं! बारीक, मिडीयम, स्टायलिश ही विशेषणं बाजूला ठेवा. नंबर, बोटं आणि कान-मान-भुवई अशा खुणा धरून बोललं की कारागिरालाही बरं वाटतं.

निघण्याआधी

फोटो न्यावा, पण शक्यतो स्वतःचा. मागे कधीतरी कटिंग मनासारखी झाली असेल, तर तेव्हाचे तीन फोटो मोबाइलमध्ये ठेवा: समोरून, बाजूने आणि मागून. क्रिकेटपटूचा फोटो दाखवायला हरकत नाही, फक्त त्याचे केस आपल्या जातीचे आहेत का ते बघा. त्याचे दाट आणि सरळ, आपले विरळ आणि कुरळे, तर तीच कटिंग आपल्या डोक्यावर वेगळीच दिसते. शिवाय फोटोतल्या केसांना जेल आणि ड्रायर लागलेला असतो. आपण रोज सकाळी तेवढा वेळ आरशासमोर घालवणार आहोत का, हेही स्वतःला विचारून घ्यावं.

मागची कटिंग कधी झाली ते आठवून जा. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे “दीड महिना झाला, तेवढी वाढ फक्त काढा, आकार हाच ठेवा” हे एक वाक्य पुष्कळदा पुरतं. फॅशनचा एकही शब्द माहीत नसलेल्या माणसाने एवढं पाठ केलं तरी चालेल.

आणि रविवारी सकाळी जाऊ नका. बाकड्यावर सहा जण, टीव्हीवर मॅच, कारागिराचं लक्ष घड्याळाकडे. मधल्या वारी दुपारी जा, तो निवांत ऐकून घेतो.

पाणी मारण्याआधी बोला

फवारा मारला की केस चपटे होतात आणि लांब दिसतात. वाळले की वर चढतात, कुरळे तर चांगलेच आखडतात. म्हणून केस कोरडे असताना, विंचरलेले असताना, रोज जसे ठेवता तसे त्याला बघू द्या. भांग कुठल्या बाजूला पाडता ते दाखवा. कुरळे केस असतील तर “वाळल्यावर एवढे राहिले पाहिजेत” असं स्पष्ट म्हणा.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायची. चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवला की पुढचा अर्धा तास आरशात फक्त एक पुसट चेहरा दिसतो, आणि त्या पुसट चेहऱ्याचं काय चाललंय ते कळत नाही. चष्मा उतरवायच्या आधी सगळं बोलून घ्या. मध्ये एकदा थांबवून तो लावून बघा, संकोच करू नका.

नंबरची भाषा

बाजूला आणि मागे मशीन चालणार असेल तर नंबर सांगायचा. नंबर म्हणजे मशीनला लावायच्या प्लॅस्टिकच्या कंगव्याचा आकडा. सुताराच्या मापात सांगायचं तर एक नंबर म्हणजे एक सूत, इंचाचा आठवा भाग. म्हणजे १ नंबरला साधारण ३ मिलिमीटर केस राहतात, २ नंबरला ६, ३ नंबरला १० च्या जवळपास, ४ नंबरला अर्धा इंच. झिरो म्हणजे कंगवा न लावता थेट पातं, जवळजवळ चकोट. १ नंबरला डोक्याची कातडी स्पष्ट दिसते, २ ला दाट केस असतील तर थोडी झाकते. ऑफिसात कुणी वळून बघू नये एवढीच इच्छा असेल, तर बहुतेकांना ३ किंवा ४ बरा.

आकडा उरणाऱ्या केसांचा असतो, कापायच्या नव्हे. मोठा नंबर म्हणजे मोठे केस.

ही अक्कल मला पैसे मोजून आली. मावसभावाचा साखरपुडा दोन दिवसांवर होता आणि मी एका नव्या सलूनमध्ये शिरलो. कारागीर हिंदी बोलणारा, तरुण, चटपटीत. त्याने विचारलं, “साइड में कैसा करूँ?” मी खुशीत येऊन म्हणालो, “एकदम एक नंबर!” आपल्याकडे एक नंबर म्हणजे झकास. त्याच्याकडे एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर. कानाच्या वरून पहिला पट्टा फिरला तेव्हा उजेड पडला, पण एक पट्टा गेला की उरलेल्या डोक्याला त्याच्या मागे जावंच लागतं. साखरपुड्याच्या फोटोत नवऱ्यामुलाच्या मागे मी पोलीस भरतीतून थेट आल्यासारखा उभा आहे. त्या पोराची चूक काहीच नव्हती, मी सांगितलं तेच त्याने केलं.

नंबरबद्दल मनात शंका असेल तर एक नंबर वरचा सांगा. ४ मारून झाल्यावर ३ वर येता येतं, उलट जाता येत नाही. संपूर्ण बाजू एकाच नंबरने मारली की वरच्या केसांशी टोपीच्या कडेसारखी रेघ दिसते, म्हणून “खाली ३, वर ४, आणि मध्ये रेघ दिसू देऊ नका” असं सांगणं चांगलं. फेड, म्हणजे खालून अगदी बारीक आणि वर हळूहळू वाढत जाणारे केस, हवा असेल तर नुसतं फेड म्हणू नका, तो कुठून सुरू करायचा ते बोट लावून दाखवा: कानाच्या लगेच वर, कानशिलापाशी, की त्याहून वर. लो, मिड, हाय हे शब्द सगळ्यांना येतात, पण प्रत्येकाचा मिड वेगळ्या उंचीवर असतो. बोटाचं मात्र दुमत होत नाही. मशीन नकोच असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, “मशीन नको दादा, कात्रीने करा.” याला वेळ जास्त लागतो.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांनी हे आकडे पाठ करून जावं. अमेरिकेतही दुकानात पहिला प्रश्न नंबरचाच येतो, आणि तिथे वर टीप द्यावी लागते, म्हणजे चुकलेली कटिंग आणखी महाग पडते.

वरचे केस

इथे बोटं कामाला येतात, आणि सगळ्यात मोठा घोटाळाही इथेच होतो. “दोन बोटं” म्हटलं की कारागिराला दोन अर्थ लागतात: दोन बोटं कापू, की दोन बोटं ठेवू? क्रियापद गिळू नका. आणखी सोपं म्हणजे पुढची एक बट चिमटीत धरायची आणि दुसऱ्या हाताने दाखवायचं, “इथपर्यंत ठेवा, यावरचं काढा.” पुढचे केस कपाळावर आणता का मागे फिरवता, तेही सांगा. कपाळावर आणत असाल तर भुवईच्या किती वर थांबायला हवेत ते दाखवा.

भोवरा असेल तर आठवणीने सांगा. भोवऱ्यावरचे केस एक तर अगदी बारीक हवेत, नाही तर स्वतःच्या वजनाने खाली बसतील एवढे लांब. मधल्या मापाचे राहिले की शेंडीसारखे उभे राहतात आणि तेल-पाणी कशालाच दाद देत नाहीत. (दोन भोवरे असलेल्याची दोन लग्नं होतात म्हणे. मला दोन आहेत. घरी हा विषय काढत नाही.)

दातेरी कात्री दिसली की सावध व्हा. दाट केस हलके करायला ती छान, पण केस आधीच विरळ असतील तर “दातेरी कात्री नको” म्हणा. काही कारागीर सवयीने सगळ्यांनाच ती फिरवतात.

कल्ले, मान, पातं

कल्ल्यांचं माप कानावरून द्या: कानाच्या मध्यापर्यंत, की पाळीपर्यंत, खाली सरळ की तिरके. हिंदी बोलणाऱ्या कारागिराला कल्ले म्हटलं तर कदाचित कळणार नाही, तो “कलम” म्हणतो. मानेवर तीन प्रकार: गोल, चौकोनी किंवा उतरतं, म्हणजे कड न काढता खाली हळूहळू बारीक होत जाणारं. चौकोनी पहिल्या दिवशी रेखीव दिसतं, पण आठवड्याभरात कडेबाहेर खुंट उगवतात. महिना-महिना सलूनकडे न फिरकणाऱ्याने उतरतंच सांगावं.

याच वेळी वस्तरा बाहेर येतो. ब्लेड नवीन घातलं का ते बघा. कागदात गुंडाळलेलं पातं तुमच्यासमोर मोडून वस्तऱ्यात बसलं पाहिजे. वापरलेल्या पात्यातून काविळीच्या बी आणि सी विषाणूंचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा “दादा, नवीन टाका” म्हणायला लाजू नका. चांगला कारागीर न सांगताच टाकतो.

मागचा आरसा

शेवटी तो मागे छोटा आरसा धरतो आणि आपण न बघताच मान हलवतो. ते दोन सेकंद वाया घालवू नका. मागची कड सरळ आहे का, कानामागे बटा राहिल्यात का, दोन्ही कल्ले सारखे आहेत का, एवढं बघा. कल्ल्यांवर दोन्ही तर्जन्या टेकवून आरशात बघितलं की फरक लगेच कळतो. काही राहिलं असेल तर “चुकलं” म्हणू नका, “इथे थोडं घ्या ना” म्हणा. कापड झटकायच्या आधी कुणीही आनंदाने घेतं. पैसे देऊन, दाराबाहेर जाऊन परत आलात की त्याच्या खुर्चीत पुढचं गिऱ्हाईक बसलेलं असतं.

जमलं, तर तिथेच त्याला विचारा, “बाजूला कुठला नंबर लावलात?” आणि मोबाइलमध्ये टिपून ठेवा. माझी टीप अशी आहे: “बाजूला ३, वर ४, रेघ नको. डोक्यावर कात्री, दोन बोटं ठेवायची. कल्ले अर्धा कान, सरळ. मान उतरती. भोवरे सोडा.” आमचा कारागीर होळीला महिनाभर गावी जातो, तेव्हा बदलीवर आलेल्या पोराला मी हीच वाचून दाखवतो.