न्योकी वातड होते किंवा पाण्यात विरघळते? या चुका टाळा

न्योकी म्हणजे उकडलेला बटाटा आणि मैदा यांचे, पाण्यात शिजवलेले इटालियन गोळे. रोममध्ये गुरुवार हा न्योकीचा वार मानतात. साहित्य मोजकं: १ किलो बटाटे, २५० ते ३०० ग्रॅम मैदा, एक लहान चमचा मीठ आणि हवं असल्यास एक अंडं. तरीही पदार्थ बिघडतो आणि बहुतेक वेळा त्याचं मूळ एकच असतं, बटाट्यातलं पाणी. ओला बटाटा मैदा पीत जातो, मैदा वाढला की मळणं वाढतं आणि न्योकी रबरासारखी होते.

म्हणून सुरुवात बटाट्यापासून. नवा, पातळ सालीचा बटाटा घेऊ नका. तो ओला आणि चिकट असतो. जुना, पिठूळ बटाटा हवा. बाजारात ‘वेफर्सचा बटाटा’ मागितलात तर बहुधा योग्य मिळेल. फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गोडसर होतो, तोही नको.

बटाटे सोलून, चिरून उकडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कापलेल्या बाजूंनी पाणी आत शिरतं. सालीसकट, साधारण एकाच आकाराचे बटाटे गार पाण्यात घाला आणि मंद उकळीवर ३० ते ४० मिनिटं ठेवा. सुरी सहज आत गेली की लगेच काढा. साल फुटेपर्यंत थांबू नका. कुकर वापरायचा असेल तर बटाटे जाळीच्या भांड्यात, पाण्याच्या वर ठेवून वाफवा.

गरम असतानाच सोला आणि कुस्करा. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको: पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि खळ तयार होते. मग कितीही मैदा घाला, ती सुटत नाही. इटलीत यासाठी दाबयंत्र असतं. आपल्याकडे पुरणयंत्र किंवा बारीक शेवेची चकती लावलेला सोऱ्या तेच काम उत्तम करतो. कुस्करलेला बटाटा ओट्यावर पसरून वाफ जाऊ द्या. ढीग करून झाकून ठेवलात तर तीच वाफ पाणी होऊन परत आत मुरते.

बटाटा कोमट झाला की मीठ आणि २५० ग्रॅम मैदा भुरभुरवा; उरलेला ५० ग्रॅम हाताशी ठेवा. हे पीठ पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. हलक्या हाताने दाबत, दुमडत एक-दोन मिनिटांत गोळा जमला की थांबा. अंडं घातलं तर गोळा सहज जमतो, पण न्योकी थोडी घट्ट होते; बटाटा कोरडा असेल तर त्याची गरज पडत नाही.

सगळं पीठ वळण्याआधी दोन-तीन तुकडे उकळून पाहा. पाण्यात विरघळले तर दोन चमचे मैदा वाढवा. वातड लागले तर त्या गोळ्यावर उपाय नाही, पण त्याच्या टिक्क्या थापून तव्यावर खरपूस भाजता येतात.

गोळा तासभर ठेवू नका, तो सैल आणि चिकट होत जातो. लगेच बोटाएवढ्या जाड वळ्या करा, दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने सरकवा. पडणाऱ्या रेघा सॉस धरतात आणि मागच्या खळग्यामुळे मधला भाग सारखा शिजतो. तुकडे मैदा भुरभुरलेल्या कापडावर सुटे ठेवा.

शिजवताना पाणी भरपूर हवं, लिटरला १० ग्रॅम मीठ. एका वेळी २० ते २५ तुकडेच सोडा, नाहीतर उकळी बसते आणि ते तळाशी चिकटतात. खळखळ उकळीही नको, तिने कडा झडतात. तुकडे वर तरंगले की अर्ध्या मिनिटात झाऱ्याने काढून थेट गरम सॉसमध्ये घाला. चाळणीत ओतलेत तर एकमेकांच्या वजनाने चेपतात.

उरलेली कच्ची न्योकी फ्रिजमध्ये ठेवली तर काळपट आणि ओली होते. ताटात सुटी मांडून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. शिजवताना बर्फ वितळू न देता तशीच उकळत्या पाण्यात सोडा, मात्र नेहमीपेक्षा निम्मीच.